गंजलेली पद्मिनी घ्यायची की सोडायची? आधी खाली वाकून बघा

मागच्या मे महिन्यात मामाचा फोन आला. "ती फियाट नेतोस का रे? नाहीतर भंगारवाला शनिवारी यायचाय, त्याला देऊन टाकतो." गुहागरला वाडीत फणसाखाली पंधराएक वर्षं उभी असलेली आजोबांची १९७८ ची हिरवी प्रीमियर पद्मिनी. लहानपणी त्याच गाडीच्या मागच्या सीटवर आम्ही पाच भावंडं कोंबून बसायचो, आजोबा स्टिअरिंगच्या मागचा हँडगिअर खाली ओढायचे तेव्हा त्यांच्या घड्याळाचा पट्टा खणकन वाजायचा, ते सगळं फोन कानाला असतानाच आठवलं आणि मनातल्या मनात मी गाडी पॉलिश करून मरीन ड्राइव्हला उभी पण केली. मग स्वतःलाच म्हटलं थांब, एकदा हात पोळलाय (त्याची गोष्ट पुढे येईल), या वेळी आधी जाऊन नीट बघायचं आणि मगच हो म्हणायचं.

तर हे बघायचं म्हणजे नक्की काय बघायचं, कुठल्या क्रमाने बघायचं, ते सगळं सविस्तर लिहितोय. उदाहरण पद्मिनीचं घेतलंय कारण मला तीच गाडी कळते, आणि आपल्याकडे गोठ्यात, गॅरेजमागे, सोसायटीच्या कोपऱ्यात पडलेली जुनी गाडी बहुतेक वेळा तीच असते. कुर्ल्याच्या कारखान्यात ही फियाट ११०० डी म्हणून १९६४ पासून बनायला लागली, पद्मिनी हे नाव १९७४ ला लागलं, आणि २००१ पर्यंत गाड्या निघत होत्या. म्हणजे छत्तीस-सदतीस वर्षांचा माल आहे, गाड्या अजून सापडतात, पार्टही सापडतात. पण त्यामुळेच "मिळतेय तर घेऊन टाकू" ही चूक पण याच गाडीच्या बाबतीत सगळ्यात जास्त होते.

एक गोष्ट आधीच डोक्यात पक्की करा. सगळे जण पहिला प्रश्न विचारतात "इंजिन चालू आहे का?" इंजिन हा शेवटचा प्रश्न आहे. पहिला प्रश्न कागद, दुसरा पत्रा, आणि खरं सांगायचं तर या दोनांतच निकाल लागतो.

जाताना काय न्यायचं

फ्रीजवरचं चपटं चुंबक (एका बाजूला पातळ कापड चिकटवून, रंगाला ओरखडा नको), जाड दांड्याचा स्क्रूड्रायव्हर, चांगला टॉर्च, जुनी सतरंजी, दोन रंगांचे खडू, जॅक आणि लाकडाचे दोनतीन जाड ओंडके, मेजरिंग टेप. कोकणात किंवा शेतात बघायला जाताय तर एक लांब काठी, आणि बॉनेट उघडायच्या आधी त्यावर दोन दणके मारायचे. मामाच्या गाडीत धामण निघाली. बिनविषारी असते हे मला माहीत होतं पण माझ्या पायांना नव्हतं.

गाडी धुऊन ठेवू नका असं मालकाला आधीच सांगा. ओल्या, चकचकीत गाडीत दोष लपतात. आणि दिवसाउजेडी जा, संध्याकाळी सगळ्याच गाड्या चांगल्या दिसतात.

पहिलं काम: कागद

आरसी बुक हातात घेतल्याशिवाय गाडीकडे बघूच नका. खूप लोक म्हणतात "कागद होऊन जातील", तर तसं काही होत नसतं. बघायच्या गोष्टी अशा:

आरसीवरचा चेसिस नंबर आणि इंजिन नंबर गाडीवरच्या नंबरांशी जुळतात का. बॉनेटखाली रिव्हेट मारलेली प्लेट असते, पण प्लेट काढून दुसऱ्या गाडीला लावता येते, म्हणून पत्र्यावर पंच केलेला नंबर शोधायचा, वायर ब्रशने हलका साफ करायचा आणि फोटो काढायचा. नंबरच्या आजूबाजूचा पत्रा वेगळ्या जातीचा वाटला, वेल्डिंगची रेघ दिसली, तर पाणी पिऊन, आभार मानून निघायचं. इंजिन नंबर जुळत नसेल तर निदान पूर्वीच्या बदलाची नोंद आरटीओकडे आहे का ते विचारायचं, या गाड्यांना अर्ध्या आयुष्यात इंजिन बदललेलं असणं काही नवल नाही.

मालक हयात आहे का? माझ्या केसमध्ये आजोबा जाऊन बारा वर्षं झालेली आणि आरसी अजून त्यांच्याच नावावर. मालक वारल्यावर नाव लावायला फॉर्म ३१, विकत घेताना २९ आणि ३०, रजिस्ट्रेशन रिन्यू करायला फॉर्म २५. वारस चार असतील तर चौघांच्या सह्या लागणार, आणि त्यातला एक काका अमेरिकेत आणि एक आत्या रुसलेली असेल तर पत्रा कितीही चांगला असो, तुमची गाडी दोन वर्षं आरटीओतच अडकली म्हणून समजा. आरसीवर एखाद्या बँकेचा बोजा आहे का तेही बघा, तीस वर्षांपूर्वी फेडलेलं कर्ज पण बोजा उतरवलेलाच नाही, आणि ती बँक मधल्या काळात दुसऱ्या बँकेत विलीन झालेली, हे अगदी नेहमीचं.

जुन्या तीन अक्षरी नंबरच्या गाड्यांची (एमएच सिरीजच्या आधीच्या) नोंद सरकारच्या ऑनलाइन 'वाहन' पोर्टलवर बऱ्याचदा नसतेच. मग आरटीओत जाऊन जुन्या रजिस्टरवरून बॅकलॉग एंट्री करून घ्यावी लागते. ती होईल का हे पैसे द्यायच्या आधी त्या आरटीओत जाऊन विचारायचं, नंतर नाही.

खर्चाचं म्हणाल तर पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी रजिस्ट्रेशन रिन्यू करावं लागतं, कारसाठी ही फी एप्रिल २०२२ पासून ५,००० झाली आणि वीस वर्षांपेक्षा जुन्या गाड्यांसाठी २०२५ मध्ये १०,००० केली. वर पर्यावरण कर, उशिराचा दंड महिन्यांच्या हिशोबाने, हाय सिक्युरिटी नंबर प्लेट, इन्शुरन्स. आणि फिटनेस तपासणीला गाडी चालत न्यायला लागते, म्हणजे हे रिन्युअल रिस्टोरेशन झाल्यावरच होणार, तोपर्यंत दंडाचा मीटर चालूच.

पन्नास वर्षं पूर्ण झालेल्या गाड्यांना व्हिंटेज म्हणून वेगळी नोंदणी घेता येते, हा नियम जुलै २०२१ चा. नवीन नोंदणीला २०,०००, दहा वर्षं मुदत, नंबर प्लेटवर 'व्हीए' अक्षरं. पण अट अशी की चेसिस, बॉडी, इंजिन यांच्यात मोठा बदल केलेला चालत नाही, आणि गाडी रॅली, प्रदर्शन, पेट्रोल भरणं, दुरुस्ती असल्या कारणांसाठीच रस्त्यावर काढायची, रोज भाजी आणायला नाही. म्हणजे एखाद्याने पद्मिनीत मारुतीचं इंजिन बसवलं असेल (बसवतात लोक, आणि चालते पण मस्त) तर व्हिंटेजचं स्वप्न सोडून द्यायचं. आजोबांची गाडी १९७८ ची, त्यामुळे तो विषय तूर्त बादच होता.

दिल्लीतून स्वस्तात गाडी मिळतेय म्हणून कुणी सांगितलं तर तिथल्या १०-१५ वर्षांच्या नियमामुळेच (डिझेल दहा, पेट्रोल पंधरा वर्षांनंतर रस्त्यावर नाही) ती स्वस्त आहे हे लक्षात ठेवा, एनओसी (तिथल्या आरटीओचं ना-हरकत पत्र) हातात आल्याशिवाय टोकनसुद्धा द्यायचं नाही.

दुसरं काम: गाडी कुठे जगली ते विचारा

गंज समजून घ्यायला रसायनशास्त्र लागत नाही. लोखंड, पाणी आणि हवा, तिन्ही एकत्र आले की काम सुरू, आणि मीठ मिळालं की कामाला वेग. गुहागरला वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस, वरून समुद्राचा खारा वारा. तेच माण-खटाव, सांगोला, जत या बाजूला उभी राहिलेली गाडी घ्या, रबर वाळून चिरा पडलेल्या असतील, डॅशबोर्ड उन्हाने तडकलेला असेल, सीट फाटलेल्या, पण पत्रा खणखणीत. दिसायला कोकणातली गाडी बरी आणि माणदेशातली भिकार वाटेल. मी डोळे झाकून माणदेशातली घेईन, कारण रबर नवीन मिळतं, पत्रा बनवावा लागतो.

उभी कशावर होती तेही बघा. सिमेंटवर, फरशीवर असेल तर बरं. मातीवर आणि गवतात असेल तर खालून बारा महिने ओल. आणि ताडपत्री घट्ट बांधून झाकलेली असेल तर मालक अभिमानाने सांगतो "आम्ही झाकून ठेवली होती हो", पण आत वाफ कोंडून गाडी उघड्या गाडीपेक्षा जास्त सडलेली मी पाहिलीये.

जुनी टॅक्सी आहे का ते ओळखायला कार्पेट उचला, दाराच्या कडेचा आतला रंग बघा, डिकीच्या झाकणाखाली बघा, कुठेतरी काळा-पिवळा डोकावतोच. डाव्या बाजूला बाहेरच्या मीटरसाठी पाडलेली भोकं, टपावर कॅरिअरचे वण, डिकीत सीएनजी टाकीच्या पट्ट्यांची भोकं. मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ ला बंद झाली, त्यानंतर अशा गाड्यांवर रंग मारून "एकहाती, डॉक्टरची गाडी" म्हणून खपवणारे बरेच निघालेत. टॅक्सी वाईटच असते असं नाही, पण तिच्या पत्र्याला किती जणांचा हात लागलाय ते देव जाणे.

तिसरं काम: आता झोपा खाली

इथेच खरा वेळ द्यायचा. दोन तास तरी.

पद्मिनीला जीपसारखी वेगळी चेसिस नाही. बॉडी हीच चेसिस, म्हणजे तळाचा पत्रा, दोन्ही बाजूच्या दाराखालच्या पोकळ पेट्या (सिल), मधला बोगदा आणि खांब मिळून गाडी उभी असते. जीपची बॉडी सडली तर नवीन बॉडी आणून बसवतात आणि विषय संपतो. इथे सिल सडला म्हणजे घराची तुळई सडली. म्हणून मडगार्डला भोक पडलेलं असलं तरी मला काही वाटत नाही, मडगार्ड म्हणजे दागिना. सिल, जॅक लावायची जागा, पुढच्या सस्पेन्शनचा क्रॉसमेंबर (आडवा लोखंडी दांडा) जिथे बॉडीला बसतो ती जागा, मागच्या पाट्यांचे (पट्ट्यांच्या स्प्रिंगांचे) हँगर, आणि सीटचे बोल्ट जिथे धरतात तो फ्लोअर, या पाच जागा म्हणजे गाडी.

सिल आधी अंगठ्याने दाबा. मग बोटाच्या पेराने टकटक करत पुढून मागे जा, चांगला पत्रा टणटण वाजतो, सडका पत्रा किंवा लांबी (खड्डे बुजवायची पुट्टी) भरलेला भाग फोफशा आवाजाचा, भिजलेल्या पुठ्ठ्यावर वाजवल्यासारखा. जिथे आवाज बदलला तिथे मालकाला विचारून स्क्रूड्रायव्हर टोचा. मामाच्या गाडीचा डावा सिल बाहेरून अख्खा होता, हिरवा रंगसुद्धा शाबूत. मी स्क्रूड्रायव्हर लावला, जोर पण दिला नाही, आणि तो मुठीपर्यंत आत. बाहेर काढला तर त्याच्याबरोबर वाळवीची माती आणि उंदराने आत नेऊन साठवलेल्या सुपारीच्या सालींचा सडा पडला, साली पडायच्या थांबेचनात. मामा वर उभा राहून बघत होता. म्हणाला, "अरे, ही तर फणसाआधी पडली असती."

मग दाराची परीक्षा, ही मला कुर्ल्याच्या एका म्हाताऱ्या डेंटरने (पत्र्याचं काम करणाऱ्याने) शिकवली आणि हजार रुपयांच्या मशीनपेक्षा भारी आहे. गाडी सपाट जागेवर असताना चारही दारं उघडा-लावा, फटी बघा, मोबाईलवर फोटो काढा. आता पुढच्या बाजूने जॅकवर गाडी थोडी उचला (सडक्या सिलला जॅक लावायचा नाही, तो आत घुसतो, पुढच्या क्रॉसमेंबरचा धड भाग बघून तिथे लावा, खाली ओंडके ठेवा, आणि नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कधीही डोकं घालू नका). आता परत दारं उघडून बघा. दार आधीसारखंच लागलं तर गाडीचा कणा शाबूत. फट बदलली, दार वरच्या कोपऱ्यात घासायला लागलं, किंवा उघडलेलं लागेचना, तर गाडी मधून वाकतेय. अशी गाडी जिगवर (बॉडी सरळ धरून ठेवणाऱ्या सांगाड्यावर) घेऊन सिल दोन्ही बाजूंचे नवे करावे लागतात, आणि त्या आधी आतून आडवे पाइप मारून बॉडी बांधून घ्यावी लागते नाहीतर सिल कापल्याकापल्या गाडीचं केळं होतं. हे काम करणारे हात कमी आहेत आणि जे आहेत ते स्वस्त नाहीत.

टेप असेल तर खालून तिरकी मापं घ्या, पुढच्या डाव्या टोकापासून मागच्या उजव्या टोकापर्यंत आणि उलट. दोन्ही मापं साधारण सारखी यायला हवीत. बोटभर फरक निघाला तर गाडी कधीतरी जोरात ठोकलेली आहे.

वरच्या जागा पटापट सांगतो: वायपरच्या खालचा काऊल (पाला साठतो, पाणी थांबतं, तिथून ते ड्रायव्हरच्या पायाशी), काचेच्या रबराखालची कड, बॅटरीचा ट्रे आणि त्याच्या भोवतालचा पत्रा (ॲसिडने खाल्लेला), दाराच्या तळाच्या कडा, टपाच्या पन्हाळी, डिकीतला स्टेपनीचा खड्डा. कार्पेट उचलून हात फिरवा, ओल किंवा कुबट वास आला तर पाणी अजून येतंय.

चौथं काम: मेकअप ओळखा

आता माझी गोष्ट. २०१६ ला मी पुण्यात एक पांढरी पद्मिनी घेतली. रंग आरशासारखा, खालून काळंभोर अंडरकोटिंग, विकणाऱ्याने "आत्ताच फुल बॉडी केलीये" म्हणून सांगितलं. सहा महिन्यांनी पहिला पावसाळा झाला आणि मागच्या चाकाच्या वर रंगाला फोड आला. फोड नखाने खरवडला, खाली लांबी, लांबीच्या खाली जाळी, जाळीच्या मागे वर्तमानपत्राचे बोळे. एक बोळा उलगडला तर त्यावर 'वधू पाहिजे' चं पान, तारीख २००९. म्हणजे सात वर्षं त्या गाडीचा मागचा भाग लग्नाच्या जाहिरातींनी धरून ठेवला होता. वरून कीर्तन, आतून तमाशा.

म्हणून चुंबक. साफ कापडावरून सगळ्या पॅनलवर हळूहळू फिरवा, विशेषतः चाकांच्या कमानी, दारांचा खालचा वीतभर भाग, सिल. जिथे पकड ढिली होते तिथे मध्ये लांबी आहे. थोडी लांबी सगळ्याच जुन्या गाड्यांना असते, तो गुन्हा नाही, पण चुंबक सटकन खाली पडलं तर लांबी जाड आहे, किंवा तिथे पत्राच संपलाय. रंगाची जाडी मोजायचं मीटर कुणाकडून मिळालं तर उत्तम, कारखान्याचा रंग शंभर-दीडशे मायक्रॉनच्या घरात असतो, हजाराच्या पुढे आकडा गेला म्हणजे तुम्ही गाडी नाही, लांबी विकत घेताय.

ताजं काळं अंडरकोटिंग दिसलं की मला आता धडकीच भरते. गंजावर डांबर फासलं की ओल आत कोंडते आणि पत्रा आतून निवांत सडत राहतो. प्रामाणिक विकणारा तळ उघडा दाखवतो.

पितळी वेल्डिंगचे पिवळे ओघळ, एकावर एक मारलेले पॅच हेही बघा. जुन्या सडक्या पत्र्यावर नवा पत्रा ठेवून कडेने टाके मारले की दोन पत्र्यांच्या मध्ये पाणी बसतं आणि दोनतीन पावसाळ्यांत दोन्ही जातात. नीट काम म्हणजे सडका भाग चकचकीत लोखंड लागेपर्यंत कापायचा, त्याच आकाराचा तुकडा बनवायचा आणि टोकाला टोक लावून वेल्ड करायचा.

पाचवं काम: खडूने हिशोब

बघत बघत जाल तसं खडूने खुणा करा. पांढरी खूण म्हणजे वरवरचा गंज, वायर ब्रशने आणि पॉलिश पेपरने निघेल. खाली पत्रा जाडच्या जाड असेल तर याला घाबरायचं कारण नाही, अख्खी गाडी तांबडी असली तरी. लाल खूण म्हणजे भोक, किंवा स्क्रूड्रायव्हर आत गेलेली जागा, किंवा शिवण फुगलेली जागा. शिवण फुगते कारण गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतो आणि दोन पत्र्यांना फाकवतो, तिथे ब्रश चालत नाही, कापावंच लागतं.

आता लाल खुणा मोजा, पण नुसती संख्या नाही, कुठे आहेत ते. माझा स्वतःचा नियम असा: त्या पाच जागांमध्ये लाल खुणा एका जागी असतील तर घ्यायला हरकत नाही. दोन असतील तर किमतीत जबर कपात आणि चांगला डेंटर हाताशी असेल तरच. तीन किंवा जास्त असतील तर ती गाडी म्हणून घेऊ नका, पार्टसाठी घ्या. बाकी मडगार्ड, दारं, डिकी यांवर दहा लाल खुणा असल्या तरी चालतील, ती दारं दुसऱ्या गाडीची बसतात, बोल्ट काढायचे आणि लावायचे.

मामाच्या गाडीच्या पाचपैकी चार जागी लाल. क्रॉसमेंबरची जागा तेवढी शाबूत, तीही इंजिनातून वर्षानुवर्षं गळलेल्या ऑइलच्या कृपेने, आजोबांनी ते इंजिनाचं ऑइल सील कधी बदललंच नाही.

सहावं काम: इंजिन (लवकर उरकू)

१०८९ सीसीचं साधं चार सिलिंडरचं इंजिन. जाम आहे म्हणून घाबरू नका. चारही प्लग काढा, प्रत्येकात थोडं डिझेल आणि ऑइलचं मिश्रण सोडा, चारपाच दिवस तसंच ठेवा, मग पुलीला पाना लावून हाताने हळू फिरवून बघा. स्टार्टर मारायचा नाही. फिरलं तर उत्तम, नाही फिरलं तरी इंजिन खोलून बोअर करून ओव्हरसाइज पिस्टन टाकणारे लोक अजून आहेत, कोल्हापूरच्या उद्यमनगरात तर असलं काम बघून कुणी भुवईसुद्धा उचलत नाही. ब्लॉकला तडा गेलाय का तेवढं बघा. पेट्रोलची टाकी आतून गंजलेली असणार हे गृहीत धरा. जुने रबरी पाइप, कार्ब्युरेटरची गास्केटं, पंपाचा पडदा हे सगळं आता मिळणाऱ्या इथेनॉलवाल्या पेट्रोलला टिकत नाही, शिवाय इथेनॉल हवेतली ओल ओढतं, म्हणून गाडी उभी ठेवणार असाल तर टाकीचा गंज परत येतो. हे सगळं बदलायच्या यादीत धरूनच चला.

सातवं काम: काय नाहीये त्याची यादी

लोक आहे ते बघतात. नाही ते बघा. ग्रिल, बंपर, हबकॅप, दाराच्या मुठी, हॉर्नची रिंग, मीटरचा सेट, काचांभोवतीच्या चकचकीत पट्ट्या, आतल्या काच खालीवर करायच्या मुठी, मागचे दिवे. एकेक वस्तू किरकोळ वाटते, पण पद्मिनीने तीस वर्षांत ग्रिलं, दिवे, मुठी कितीदा बदलल्या, त्यामुळे ७८ च्या गाडीला ९० ची वस्तू बसली तरी शोभत नाही. कुर्ल्याला, चोरबाजारात, पुण्यात नाना पेठेत आणि जुन्या बाजारात चकरा मारा, मिळतं, पण "मिळतं" आणि "धड मिळतं" यात दर रविवारी एक चक्कर याप्रमाणे सहाआठ महिने जातात. क्रोम परत चढवणं महाग आहे आणि खड्डे पडलेल्या तुकड्यावर नीट बसत नाही. काचेला हेअरक्रॅक आहे का बघा.

डुक्कर फियाट (पन्नाशीच्या दशकातली, पुढची दारं उलटी उघडणारी) असेल तर हा मुद्दा दहापट मोठा होतो. तिथे हरवलेली एक पट्टी मिळवण्यासाठी लोक अख्खी दुसरी गाडी घेतात.

आठवं काम: पैसे

दोन वेगवेगळ्या डेंटरना गाडीजवळ नेऊन दाखवा. फोटोवर एस्टिमेट मागू नका. जो म्हणतो "होऊन जाईल साहेब, टेन्शन नका घेऊ" त्याला नमस्कार. जो खाली झोपतो, बाहेर येऊन डोकं खाजवतो आणि "रंग काढल्याशिवाय सांगता येणार नाही" म्हणतो, तो आपला माणूस. कारण खरंच सांगता येत नाही, रंग काढला की लाल खुणा दीडपट होतात हे मी माझ्या दोन्ही गाड्यांवर बघितलंय. त्यामुळे आकडा काहीही सांगो, मनात दीडपट करा, वेळ तर तिप्पट. माझ्या पांढऱ्या गाडीला "तीन महिने" सांगितले होते, एकोणीस लागले, त्यातले सात महिने ती नुसती गॅरेजच्या कोपऱ्यात पोत्याखाली उभी होती कारण दिवाळीच्या आधी सगळ्यांना आपल्या चालत्या गाड्या हव्या असतात. पैसे टप्प्याटप्प्याने द्या: पत्र्याचं काम बघून, प्रायमर बघून, रंग बघून. प्रायमर लागायच्या आधी स्वतः जाऊन उघड्या पत्र्याचे फोटो काढा, एकदा प्रायमर बसला की खालचं देवालाच माहीत.

सगळी बेरीज एका कागदावर मांडा: गाडीची किंमत, उचलून आणायचा ट्रक, पत्रा, रंग, क्रोम, रबर-बीडिंग, सीट, वायरिंग (उंदराने खाल्लेली असणारच, वायरींचा अख्खा नवीन जुडगा म्हणजे हार्नेस धरा), ब्रेक पूर्ण नवे, टायर पाच, इंजिन, आरटीओ. या बेरजेच्या शेजारी आत्ता बाजारात चांगल्या, चालत्या, कागद साफ असलेल्या पद्मिनीची किंमत लिहा. दहापैकी आठ वेळा चालती गाडी स्वस्त पडते. हा हिशोब बघून राग येतो, मला पण आला होता. पण चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला हे माहीत असून करायचं की नकळत होऊ द्यायचं एवढाच प्रश्न आहे. आजोबांची गाडी म्हणून करताय, तर करा, फक्त त्याला "इन्व्हेस्टमेंट" म्हणू नका, बायको हिशोब मागते तेव्हा तोंडघशी पडायला होतं.

आणि शेवटचं म्हणजे पार्किंग. झाकलेली, कोरडी जागा तुमच्याकडे नसेल तर वरचं सगळं व्यर्थ आहे. सोसायटीत उघड्यावर ठेवणार असाल तर चार पावसाळ्यांत परत पहिल्यापासून. काम झाल्यावर सिलच्या पोकळीत आतून वॅक्स मारून घ्यायचं आणि पाणी निघायची भोकं रंगाने, लांबीने बुजली नाहीत ना ते काडी घालून बघायचं, हे दहा मिनिटांचं काम कुणी करत नाही.

नाही ठरलं तर

मामाच्या गाडीला मी नाही म्हटलं. मामाला वाईट वाटलं असं मला वाटलं, पण तो म्हणाला, "बरं झालं, फणसाखाली ओटा बांधायचाय."

नाही म्हटलं तरी गाडी तशीच भंगारवाल्याला देऊ नका. पुढचं-मागचं काचसामान, मीटर, स्टिअरिंग, हॉर्न रिंग, मुठी, ग्रिल, बंपर, शाबूत दारं, इंजिन आणि गिअरबॉक्स काढून घ्या किंवा कुणा पद्मिनीवाल्याला द्या, त्याला सोन्यासारखं आहे. बोल्ट फिरत नसतील तर आदल्या दिवशी रस्ट पेनिट्रंट मारून ठेवा, हातोड्याने ठोकून तुकडे करू नका. आम्ही दोघा भावांनी एका दिवसात ट्रॅक्टरभर सामान काढलं, हाताला तीनदा कापलं, पण टिटॅनसची तीन इंजेक्शनं एका आठवड्यात कुणी देत नाही म्हणून एकावरच भागवलं.

उरलेली बॉडी सरकारमान्य स्क्रॅप केंद्रात द्या, तिथून सर्टिफिकेट मिळतं, ते लावून आरटीओत आरसी रद्द करून घ्या. हे टाळलं तर तुमच्या आजोबांच्या नावावरचा नंबर उद्या कुठल्यातरी चोरीच्या गाडीवर फिरेल आणि पोलीस गुहागरला मामाकडे येतील.

पांढऱ्या गाडीचं डावं पुढचं दार आता त्या हिरव्या गाडीचं आहे. अजून रंग मारलेला नाही. डेंटर दोनदा विचारून गेला, म्हटलं राहू दे सध्या.